हात कमी हलवायला सांगा

तक्रारींची जुनी यादी चाळताना ते वाक्य समोर आलं आणि मी वर जाऊन पुन्हा वाचलं, कारण मला वाटलं माझंच काहीतरी चुकतंय. तक्रार होती: ‘गणिताच्या तासाला सरांचे हात दिसत नाहीत. चित्राचे चौकोनी तुकडे होतात. मुलांना काही कळत नाही.’ त्याखाली आमच्या ऑफिसचं उत्तर: ‘शिक्षकांना हात कमी हलवायला सांगा.’ आणि त्याखाली हिरव्या अक्षरांत, ‘निकाली’.

ती शाळा कर्णबधिर मुलांची आहे. तिथली मुलं हातांनी बोलतात आणि त्यांना गणित शिकवणाऱ्या सरांनाही जन्मापासून ऐकू येत नाही. म्हणजे आम्ही एका शिक्षकाला लेखी कळवलं होतं की तुम्ही जरा कमी बोला, आमच्या यंत्रणेला त्रास होतो.

ज्याने उत्तर लिहिलं होतं तो सहकारी माझ्यापासून चार टेबलं सोडून बसतो. मी उठून त्याच्याकडे गेले.

“हे तू लिहिलंस?”

“कुठलं? हां, ते. अगं, मोशन जास्त असली की व्हिडिओ फाटतो. स्टँडर्ड ॲडव्हाइस आहे ती.”

“ती कर्णबधिर मुलांची शाळा आहे. तिथे हातांनीच शिकवतात.”

“अच्छा,” तो म्हणाला. मग जरा विचार करून, “मग फॉर्मवर लिहायचं ना त्यांनी तसं. पण तसा कॉलमच नाहीये, ते पण आहे.”

तो वाईट मुलगा नाही. मी जागेवर परत आले. मला राग आला होता, पण रागाचं काय करायचं असतं हे मला कुणी शिकवलेलं नव्हतं. मला शिकवलं होतं ते आभार मानायला.

सोलापूरकडच्या एका तालुक्याच्या गावी मी मराठी शाळेत शिकले. माझ्याआधी घरात कुणी कॉलेज आतून पाहिलेलं नव्हतं. वडील पिठाच्या गिरणीत कामाला आणि आई माझ्याच शाळेत खिचडी शिजवायला. माझा आवाज खणखणीत आणि उच्चार स्वच्छ, म्हणून पाचवीपासून दहावीपर्यंत शाळेतला प्रत्येक कार्यक्रम माझ्या आभारप्रदर्शनाने संपायचा. दप्तरं वाटणारे यायचे, चष्मे वाटणारे यायचे, एकदा एक गृहस्थ भिंतीवरचं घड्याळ भेट द्यायला आले होते आणि त्यांच्याबरोबर फोटो काढणारे दोघे. ‘आपण आपला बहुमोल वेळ काढून’ हे मला पाढ्यासारखं पाठ होतं. एक दप्तर मलाही मिळालेलं असायचं, त्यामुळे मी ते मनापासून म्हणायचे. खोटं कशाला सांगू, अजूनही मनापासूनच म्हणते.

पुण्यात इंजिनिअरिंगला आले तेव्हा पहिल्याच महिन्यात मी वर्गात एक प्रश्न विचारला आणि माझ्या इंग्रजीला मागच्या दोन रांगा हसल्या. संख्याशास्त्र शिकवणारे सर खडू खाली ठेवून वळले. “हसणाऱ्यांपैकी कुणी उत्तर देणार आहे का? नाही? मग हसणं परीक्षेनंतर.” पुढची चार वर्षं मी त्या एका वाक्यावर काढली. तास संपल्यावर ते मला मराठीत समजावून सांगायचे. संभाव्यता म्हणजे काय हे मला त्यांच्या केबिनमध्ये, त्यांच्या डब्याच्या झाकणावर ठेवलेल्या शेंगदाण्यांवरून कळलं. एम.टेक.ला तेच माझे मार्गदर्शक होते. पुढे ते कॉलेज सोडून या कंपनीत विभागप्रमुख झाले आणि मला बरोबर घेऊन आले. गावाकडे माझी आई अजून त्यांचा उल्लेख ‘आपले सर’ असा करते, जसे काही ते नात्यातले आहेत.

आमचं काम सांगितलं पाहिजे, नाहीतर पुढचं कळणार नाही.

एक शिक्षणसंस्था मंडईजवळच्या एका जुन्या शाळेच्या खोलीतून शहराबाहेरच्या आणि कडेच्या चोवीस वर्गांना व्हिडिओवर शिकवते. जिथे विषयाचा शिक्षक मिळत नाही तिथे भिंतीवरच्या टीव्हीत शिक्षक, आणि टीव्हीवर बसवलेल्या कॅमेऱ्यातून त्याला वर्ग दिसतो. हे सगळे वर्ग एकच सामाईक रस्ता वापरतात, म्हणजे टॉवरवरून जाणारी एक ठराविक रुंदीची लाइन. तिच्यातली किती वाट कुणाला द्यायची हे आमच्या हिशेबावर ठरतं.

व्हिडिओ म्हणजे सेकंदाला पंचवीस चित्रं. पण पंचवीसही पूर्ण पाठवत नाहीत. अधूनमधून एक पूर्ण चित्र जातं आणि मधल्या चित्रांत फक्त आधीपेक्षा काय बदललं तेवढंच. माणूस खुर्चीत बसून बोलत असेल तर बदलतात ओठ आणि थोडीशी मान, म्हणून मधली चित्रं अगदी हलकी असतात. समोरून कुणी चालत गेलं की ती एकदम जड होतात. पुढच्या क्षणी किती जड चित्र येईल हे कुणी सांगू शकत नाही, पण लाखभर चित्रांची वजनं मोजली की त्यांचा स्वभाव सांगता येतो: किती वेळा हलकी, किती वेळा जड, जड आली की सुटी येतात की लागोपाठ. या स्वभावाचं गणित मांडणं म्हणजे मॉडेल. नुसत्या सरासरीवर भागत नाही. स्वारगेटला उभं राहिलेल्या कुणालाही हे ठाऊक आहे. तासाला सहा बस असतात, त्यातल्या तीन एकामागे एक येतात आणि त्याआधी अर्धा तास तुम्ही उभे असता. सरासरी बरोबरच असते.

या कामात आमच्या विभागप्रमुख सरांची एक पद्धत होती. आकडे आले की आधी वरची टोकं, म्हणजे सगळ्यात जड चित्रं, छाटायची. “यंत्राचे झटके असतात ते, त्यांना भाव द्यायचा नाही,” असं ते म्हणत. टोकं छाटली की आमचा वक्र, म्हणजे मॉडेलची आलेखावरची रेघ, त्या आकड्यांवर असा बसायचा की बघत राहावं. “शिंप्याने माप घेऊन शिवल्यासारखा,” सर म्हणायचे. नव्या माणसाला पहिल्या दिवशी हीच गोष्ट शिकवायची. मी स्वतः तिघांना शिकवली.

ती तक्रार वाचल्यावर दोन दिवसांनी मी रजा टाकून त्या शाळेत गेले. खडकवासल्याच्या पुढे, आता महापालिकेत आलेल्या एका गावात ती आहे. मुलं तिथेच राहतात. वसतिगृह सांभाळणाऱ्या अधीक्षक बाई त्याच गावच्या, पन्नाशीच्या, खुणांची भाषा येणाऱ्या. मी कुठून आले ते सांगितल्यावर त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

“म्हंजी हात कमी हलवा म्हननारे तुमीच?”

“हो. त्याच ऑफिसातली.”

“बसा मग. आधी चा घ्या. भांडन चा झाल्यावर करू.”

चहा येईपर्यंत मी व्हरांड्यात उभी होते. समोर दोन मुली केसांच्या क्लिपवरून भांडत होत्या. माझ्या कानावर काही येत नव्हतं, फक्त चपलांचा आवाज. पण त्यांचे हात असे चालले होते की माझ्या डोळ्यांना पुरे पडेनात. बोटं, मनगटं, भुवया, गाल, सगळं एकदम. एक संपायच्या आत दुसरी सुरू.

“काय म्हणतायत?” मी विचारलं.

“ही तिला म्हनतीया, तोंड बंद कर. हातानंच म्हनतीया. आता बोला.”

दहावीचा वर्ग बारा मुलांचा. त्यातल्या सात-आठ जणांना पुढे डिप्लोमाला जायचं होतं, आणि त्यासाठी गणित सुटायला हवं होतं. दिवाळीची सुट्टी संपली होती, परीक्षा मार्चमध्ये. टीव्हीवर गणिताचे सर आले. फळ्यावर समीकरण लिहायचे, बाजूला व्हायचे, पट्टीने एकेका ओळीवर बोट दाखवल्यासारखं करायचे, पुन्हा लिहायचे. दुसरा हात पँटच्या खिशात. चित्र अजिबात तुटत नव्हतं. मुलं माना खाली घालून उतरवून घेत होती. मी वह्या पाहिल्या. इतक्या देखण्या वह्या मी आयुष्यात पाहिल्या नव्हत्या. समास, अधोरेखा, बरोबरची चिन्हं एकाखाली एक.

पुढच्या बाकावरच्या मुलीला मी बाईंच्या मार्फत विचारलं, “इकडे हा अधिक तीन होता, पलीकडे गेल्यावर वजा तीन का झाला?”

मुलीने वहीत पाहिलं, मग माझ्याकडे. बाईंनी तिचं उत्तर सांगितलं: “सर तसं लिव्हतात.”

“आधी असं न्हवतं,” बाहेर आल्यावर बाई म्हणाल्या. “नववीत सर लय समजवायचे. हात नुसते वाऱ्यावानी. पन चित्र फुटायचं. पोरं बाकं वाजवायची, सर पुना सांगायचे, पुना फुटायचं. मंग तुमचं ते उत्तर आलं. त्या दिवसापासनं सरांनी एक हात खिशात घातला तो घातला.”

मी परतीच्या बसमध्ये खिडकीबाहेर बघत होते आणि माझे दात दुखत होते, इतके मी ते आवळले होते.

दुसऱ्या दिवशी ऑफिस सुरू व्हायच्या आधी मी मंडईजवळच्या त्या खोलीवर गेले. गणिताचे सर कॅमेऱ्यासमोर फळा पुसत होते. आम्ही फोनवर टाइप करून बोललो. मी लिहिलं, ‘आज तुम्ही पूर्वीसारखं शिकवा. हवे तेवढे हात हलवा. मला मोजायचं आहे.’ त्यांनी वाचलं आणि उत्तर टाइप करून स्क्रीन माझ्या डोळ्यांसमोर धरला: ‘परवानगीबद्दल आभारी आहे.’

मग त्यांनी शिकवलं. पलीकडे चित्र फुटत असणार हे त्यांना आणि मला दोघांनाही माहीत होतं. मी प्रत्येक चित्राचं वजन नोंदवून घेतलं आणि ऑफिसात येऊन आलेख काढला. आमच्या मॉडेलप्रमाणे जड चित्र क्वचित, एकटंदुकटं यायला हवं होतं. इथे ती मिनिटा-मिनिटाच्या सलग रांगांनी आली होती. जिथे जिथे रांग होती तिथे रेकॉर्डिंग लावून पाहिलं. यंत्राचा झटका एकही नव्हता. प्रत्येक ठिकाणी सर काहीतरी समजावून सांगत होते. ते फळ्यावर लिहायला वळले की आकडे खाली येत, आणि आमचा वक्र फक्त तेवढ्याच भागावर छान बसत होता.

मग मला शंका आली म्हणून मी दोन वर्षांपूर्वीची, पहिल्या चाचणीची फाइल उघडली. या शाळेच्या गणिताच्या तासाचं रेकॉर्डिंग तेव्हाही घेतलेलं होतं. अंतिम आकड्यांत त्याचा मागमूस नव्हता. छाटलेल्यांच्या यादीत ते जवळजवळ सगळंच्या सगळं पडलं होतं आणि प्रोग्रॅममध्ये त्या ओळीशेजारी टीप होती: ‘खराब नमुने. काढून टाकले.’ टीप मराठीत होती. आमच्या विभागात मराठीत टिपा फक्त मी लिहिते.

माझ्या चार टेबलं पलीकडच्या सहकाऱ्यावर मी उगाच चिडले होते. त्याने एका माणसाला गप्प राहा म्हणून कळवलं. मी त्याच्या कितीतरी आधी तो माणूस बोललाच नाही असं लिहून ठेवलं होतं.

विभागप्रमुख सर त्यांच्या केबिनमध्ये अहवालाचं मुखपृष्ठ बघत होते.

“सर, कर्णबधिर शाळेचा डेटा मी पहिल्या चाचणीत काढून टाकला होता.”

“बरोबर केलंस.”

“तो खराब नव्हता.” मी आलेख त्यांच्यासमोर ठेवला.

त्यांनी तो पुढे ओढून पाहिला. त्यांना कळलं, त्यांना कळायला माझ्यापेक्षा कमी वेळ लागला. हे मी मुद्दाम लिहून ठेवते आहे.

“हे आत घेतलं तर मॉडेल बसत नाही,” ते म्हणाले.

“नाहीच बसत.”

“चोवीस वर्ग. तेवीसांना नीट बसतंय. एकासाठी अख्खा अंगरखा उसवू का मी?”

“त्यांचं वर्ष वाया जातंय, सर.”

“अगं, मला काय आनंद होतोय का त्याचा? शनिवारी अहवालाचं प्रकाशन आहे. संस्था वर्षभराची वाटणी त्यावर मंजूर करणार. आत्ता उसवायला घेतलं तर सगळ्यांचंच लांबेल. पुढच्या वर्षी बघू आपण.”

“पुढच्या वर्षी ही मुलं दहावीत नसतील.”

“दुसरी असतील,” ते म्हणाले. आवाजात काही वाईट नव्हतं. बस चुकलेल्या माणसाला पुढची सांगावी तसा आवाज.

“मग अहवालावर माझं नाव नको.”

“बरं. तेवढीच एक ओळ वाचली.” त्यांनी खरोखरच पेन्सिलने माझ्या नावाखाली खूण केली. मग चष्मा काढून म्हणाले, “पहिल्या वर्षाला वर्ग हसला होता, आठवतं? तेव्हा मी खडू खाली ठेवला नसता तर ही टोकं बघायला तू आज इथे असतीस का?”

नसते. मी पहिल्या परीक्षेलाच गावाला परत गेले असते. ते खरं होतं, आणि खरं असलेलं ते त्यांनी मला या कामासाठी दाखवलं याचा मला जो राग आला तसा कुणाचाच आला नव्हता. त्या क्षणी मला त्यांनी मोजून दिलेले शेंगदाणे परत करावेसे वाटले.

“आणि शनिवारी आभारप्रदर्शन तुझ्याकडे,” ते म्हणाले. “आवाज चांगला आहे तुझा.”

मी हो म्हटलं. का म्हटलं ते विचारू नका. तोंडातून आपोआप गेलं.

कार्यक्रम पेठेतल्या एका छोट्या सभागृहात होता. शाल, श्रीफळ, रंगीत कागदात बांधलेला अहवाल, रिबीन सोडताना टाळ्या. सगळ्या शिक्षकांना सत्काराला बोलावलं होतं, म्हणून गणिताचे सरही तिसऱ्या रांगेत बसले होते. त्यांच्यासाठी खुणांत सांगणारं कुणी ठेवलेलं नव्हतं. अध्यक्ष ‘कुणीही मागे राहणार नाही’ या विषयावर वीस मिनिटं बोलले आणि सर वीस मिनिटं समोर बघत बसले.

माझी पाळी आली तेव्हा बाहेर कपबशा वाजायला लागल्या होत्या. मी कागद नेला नव्हता. ‘आपण आपला बहुमोल वेळ काढून’पर्यंत सगळं नेहमीसारखं झालं. मग मी म्हटलं की तिसऱ्या रांगेतल्या सरांचे आभार, कारण आमच्या कंपनीने त्यांना हात कमी हलवायला सांगितलं आणि त्यांनी ते ऐकलं. म्हटलं, या अहवालातला वक्र इतका सुंदर दिसतो कारण सरांनी बोललेलं सगळं मी स्वतः काढून टाकलं आहे. म्हटलं, बारा मुलांच्या वह्या सुंदर आहेत आणि त्यातल्या एका ओळीचंही कारण त्यांना माहीत नाही, आणि आपण आत्ता टाळ्या वाजवून हेच आणखी एक वर्ष चालू ठेवतो आहोत. इथे माझा आवाज फाटला.

आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. चांगल्या कडकडून. निम्मे उठून दाराकडे निघाले होते ते उभ्यानेच वाजवू लागले. “किती मनापासून बोलली हो पोरगी,” असं पहिल्या रांगेतल्या बाई शेजारणीला म्हणाल्या, मी ऐकलं. आभारप्रदर्शन कुणी ऐकत नाही. मी पाचवीपासून ते करत आले, मला हे माहीत असायला हवं होतं. मी त्या माइकसमोर अजून उभी होते आणि खाली माणसं बटाटेवड्याच्या रांगेत लागत होती.

चहाच्या टेबलाशी आमचे विभागप्रमुख सर माझ्याजवळ आले. “आभार मानायला सांगितले होते,” ते म्हणाले. “पंचनामा केलास.”

“कुणी ऐकलं कुठे, सर.”

“मी ऐकलं,” ते म्हणाले आणि कप ठेवून निघून गेले. त्यानंतर आम्ही कामापुरतं बोलतो.

आणखी एकीने ऐकलं होतं. संस्थेच्या विश्वस्तांपैकी एक, टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेल्या बाई, हातात वड्याची बशी घेऊन माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

“काय हो, ते काढून टाकलं म्हणालात ते आता कुठे आहे?”

“माझ्याकडे आहे.”

“सोमवारी घेऊन या माझ्याकडे. आणि वर कुणाला विचारत बसू नका.” मग वड्याचा तुकडा मोडत म्हणाल्या, “आमच्याकडे दिवाळीच्या सकाळी बाहेरगावच्या ट्रंक लाइन भरायच्या तेव्हा आम्हीही म्हणायचो, दिवाळी सोडून मोजा. दिवाळीलाच तर लोकांना बोलायचं असतं.”

सोमवारी मी गेले. त्यांनी संस्थेत काय केलं मला माहीत नाही, पण गुरुवारी आमच्या विभागप्रमुख सरांकडून मला दोन ओळींचा निरोप आला की त्या वर्गाचा हिशेब टोकांसकट नव्याने करावा. मी त्या वर्गासाठी वेगळं मॉडेल मांडलं, ज्यात जड चित्रं सलग येतात हे धरलेलं होतं. गणिताच्या तासाला त्यांना रुंद वाट लागणार होती. ती काढायला दोन शाळांचे इतिहासाचे तास दुपारनंतर हलवावे लागले, बस. त्यांनी एका फोनवर हो म्हटलं. सगळं मिळून चार दिवसांचं काम होतं. दोन वर्षं ती मुलं फुटलेले हात आणि मग खिशातला हात बघत बसली, आणि काम चार दिवसांचं होतं. हे मी लिहिताना सुद्धा मला लेखणी खाली ठेवावी लागली.

मंजुरी, सह्या, नवी जोडणी यांत जानेवारी अर्धा गेला. सुधारित अहवालात त्या वर्गाचा उल्लेख ‘विशेष बाब’ असा आहे.

लाइन रुंद झाली त्या आठवड्यात मी पुन्हा शाळेत गेले. जाताना पेढे घेतले. आता वाटतं, कुठल्या तोंडाने घेतले. पण तेव्हा घेतले आणि पुडा मांडीवर ठेवून वर्गात मागे बसले.

सर टीव्हीवर आले आणि त्यांचे दोन्ही हात स्वच्छ दिसत होते. बोटांची पेरं दिसत होती. भुवया दिसत होत्या. मुलं आधी चमकून एकमेकांकडे बघायला लागली. सरांनी एक समीकरण लिहिलं, एक पद पलीकडे नेलं आणि वळून काहीतरी विचारलं. बाई माझ्या कानाशी म्हणाल्या, “का, म्हनत्यात. असं का झालं, सांगा.”

कुणी हात वर केला नाही. सरांनी पुन्हा विचारलं. मागच्या बाकावरच्या एका मुलाने वही उघडली आणि मागची पानं भराभर उलटू लागला. सरांनी त्याला कॅमेऱ्यातून पाहिलं आणि वही मिटायला सांगितलं. मग तिसऱ्यांदा विचारलं, फार सावकाश. पुढच्या बाकावरच्या त्या मुलीने काहीतरी खूण केली. बाईंनी मला ती सांगितली नाही, पण मला कळली; मागे तिने मला दिलं होतं तेच उत्तर.

सरांची नजर मग माझ्यावर गेली. त्यांनी बाईंना काहीतरी विचारलं, बाईंनी उत्तर दिलं. मी हसून नमस्कार केला. त्यांचे हात वेगाने चालले.

“काय म्हणतायत?”

“सांगू का तसंच?”

“तसंच सांगा.”

“म्हनत्यात, पाव्हन्यांना आता काय बघायचंय? दोन वर्सं झाली, तवा कुठं व्हते?”

सर तोवर पाठमोरे झाले होते. त्यांनी फळा पूर्ण पुसला, अगदी कोपऱ्यातली तारीखसुद्धा, आणि वर पहिल्या धड्याचं नाव लिहिलं. ते दहावीचं नव्हतं.

“नववीपासनं धरत्यात पुना,” बाई म्हणाल्या. त्या थोडा वेळ बघत राहिल्या. सर आता फार भरभर शिकवत होते, एका मिनिटात जेवढं बसेल तेवढं, आणि मुलं वह्या मिटून, हात मांडीवर ठेवून, डोळे न हलवता बघत होती. “मार्चपत्तुर पुरंल का हो? तुमाला अंदाज काढता येतो म्हनं.”

मला येतो. उरलेले तास आणि उरलेले धडे मी बसमध्येच मोजले होते.

“दोघा-तिघांचं होईल,” मी म्हटलं. “सगळ्यांचं नाही होणार.”

बाईंनी मान हलवली. मग माझ्या मांडीवरचा पेढ्यांचा पुडा उचलून त्यांनी तो माझ्या पिशवीत परत ठेवला आणि पिशवीचे बंद ओढून घेतले.